तीन ठोक्यांचं गोत्र

क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' कॉलेजच्या दिवसांपासून कानात बसलेलं होतं. ग्रँडमास्टर फ्लॅश या न्यूयॉर्कच्या डीजेची १९८१ची एक तबकडी मात्र मी फार उशिरा ऐकली. त्यात तो शिक या डिस्को बँडचं 'गुड टाइम्स' आणि क्वीनचं हे गाणं एकाच मिश्रणात फिरवतो. ऐकताना टेबलावर बोटानं ठेका धरला होता. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना बोटाला काही वेगळं करावंच लागलं नाही. तेव्हापासून या गाण्याचं गोत्र शोधायचा नाद लागला.

आधी माहीत असलेलं उरकतो. गाणं लिहिलं बेसवादक जॉन डीकननं. १९८०च्या 'द गेम' या अल्बमसाठी ते म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत घडलं. निर्माता राइनहोल्ड माक. गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा. एकेरी तबकडी काढाच, असा आग्रह मायकल जॅक्सननं धरला होता. ऑक्टोबरमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तीन आठवडे तिथंच राहिलं.

आता मुद्द्याचं. 'गुड टाइम्स' आलं १९७९च्या उन्हाळ्यात, म्हणजे वर्षभर आधी. बेस शिकच्या बर्नार्ड एडवर्ड्सचा. खर्जातल्या 'ई'वर तीन सारखे ठोके, किंचित थबकणं आणि मग सुरांची चाल. डीकनही त्याच 'ई'वर तीन ठोके देतो, थबकतो आणि पुढे सरकतो. लयही जवळपास तीच, मिनिटाला ११०च्या आसपास. एडवर्ड्सनं पुढे सांगितलं, की क्वीनचा बेसवादक आमच्या स्टुडिओत येऊन बसायचा. मला एवढा पुरावा पुरेसा आहे.

यावर म्हणतात, की डीकन शाळेपासून सोल संगीतावर वाढला होता, तेव्हा असा ठेका त्याच्या हातात असणारच. सोलची आवड त्यानं स्वतःही सांगितली आहे. पण आवडीतून ढंग येतो. सूर तोच, ठोके तेवढेच, थबकणंही त्याच जागी, हे सगळं नुसत्या आवडीतून येत नाही.

दुसरा तर्क ऐकून मला राग येतो. तेव्हाच्या काही समीक्षकांनी शिकवरच क्वीनची नक्कल केल्याचा आरोप केला! आधी आलेलं गाणं नंतरच्याची नक्कल कशी करेल? कृष्णवर्णीय वादक असं काही नवं घडवू शकतात, हे या लोकांच्या कल्पनेतच बसत नव्हतं, असं एडवर्ड्सनं बोलून दाखवलं. मला ते पटतं. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोविरोधकांनी डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटानं उडवून दिला होता. पुढच्याच वर्षी तोच ठेका रॉक बँडच्या नावावर आला आणि रॉकच्या श्रोत्यांनी तो डोक्यावर घेतला. उलट कृष्णवर्णीयांच्या रेडिओ केंद्रांवरही गाणं इतकं वाजलं, की क्वीन हा कृष्णवर्णीयांचाच बँड आहे असं काहींना वाटलं. कानांनी घराणं बरोबर ओळखलं होतं.

डीकनचं श्रेय मात्र बुडवायचं नाही. 'गुड टाइम्स'मध्ये व्हायोलिनं आहेत, नाइल रॉजर्सची झुळझुळती गिटार आहे. सगळं घर भरलेलं. डीकननं ते घर रिकामं केलं. रॉजर टेलरच्या ड्रममध्ये कापड कोंबून त्याचा घुमारा मारला आणि त्या ठेक्याची टेप गोल फिरवत ठेवली. सिंथेसायझरसारखे वाटणारे आवाज उलट्या फिरवलेल्या पियानोचे आणि गिटारींचे आहेत. ठेका उसना होता, त्याच्याभोवतीची ही शांतता डीकनची स्वतःची.

म्हणून मी याला चोरी म्हणत नाही, उसनवारी म्हणतो. पण उसनवारीची नोंद वहीत हवी. याच 'गुड टाइम्स'वर रचलेल्या 'रॅपर्स डिलाइट' या रॅप गाण्याच्या श्रेयात एडवर्ड्स आणि रॉजर्स यांची नावं पुढे घालावी लागली. क्वीनच्या गाण्यावर आजही एकच नाव आहे, जॉन डीकन.