दवासाज, कंपाउंडर आणि औषधनिर्माता

बहमनी सुलतान दुसरा अल्लाउद्दीन अहमदशहा (१४३६–१४५८) याने बीदर येथे एक रुग्णालय उभारले. रुग्णांच्या अन्नाचा व औषधांचा खर्च भागावा म्हणून काही गावांचे उत्पन्न त्याने तोडून दिले, आणि तेथे हिंदू व मुसलमान असे दोन्ही वैद्य नेमले, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. औषधाला वैद्याच्या विद्येइतकीच साठ्याची व पुरवठ्याची जोड लागते, ही जाण त्या तरतुदीत दिसते.

सिसिलीच्या राज्यात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२४० च्या सुमारास औषध सांगणारा आणि औषध देणारा यांचे व्यवसाय कायद्यानेच वेगळे केले. दक्षिणेत ही फारकत वहिवाटीने झाली, तीही अपुरी. युनानी परंपरेत हकीम नुस्खा लिहून देई आणि अत्तार वा दवासाज तो सिद्ध करी. आयुर्वेदीय वैद्य मात्र बहुधा स्वतःच मात्रा घोटी व काढ्याच्या पुड्या बांधी. पुढे पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर कंपाउंडर आला. त्याने कालवलेल्या मिश्रणाच्या बाटलीवर मात्रांसाठी कातरलेली कागदी पट्टी असे. त्याची विद्या हातात होती; तिला पदवीचा आधार क्वचितच असे.

परंतु भेसळीपुढे केवळ हातखंडा पुरेसा नव्हता. १९३० साली नेमलेल्या चोप्रा समितीने औषधांची तपासणी करण्याची व शिक्षित औषधनिर्मात्यांची निकड दाखविली. १९३२ मध्ये महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात या विषयाचे शिक्षण सुरू केले. १९४० मध्ये औषधांचा आणि १९४८ मध्ये औषधनिर्माणव्यवसायाचा कायदा झाला. या दुसऱ्या कायद्याने एक शहाणपण दाखविले: पदवी नसली तरी पाच वर्षे औषधे कालविण्याचा अनुभव असलेल्याला पहिल्या नोंदवहीत स्थान मिळू शकत होते. जुन्या हाताची उपेक्षा न करता नव्या विद्येला वाट करून देण्यात आली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर व गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. बीदरमधील उदगीर, निलंगा व अहमदपूर मराठवाड्याकडे आले. व्यावसायिकांच्या नोंदवह्या राज्यवार असल्याने सीमेच्या दोन बाजूंना दोन नोंदण्या आल्या. आजार मात्र सीमा ओळखत नाही. त्याच सुमारास कारखान्यातील तयार गोळ्यांनी खल-बत्त्याचे काम संपवीत आणले. मग दुकानात उरले काय, केवळ विक्री?

त्याचे उत्तर अलीकडच्या नियमांत आहे. २०१३ च्या ‘एच-१’ अनुसूचीने अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे बंधनकारक केले. २०१५ च्या विनियमांनी रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य ठरविले. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत या कर्तव्याला विशेष अर्थ आहे. तेथे चिठ्ठी बहुधा इंग्रजीत असते. रुग्ण कन्नड, मराठी, दखनी उर्दू वा तेलुगू बोलणारा. गोळी जेवणापूर्वी की नंतर, बरे वाटताच थांबवावी की नाही, हे त्याच्या भाषेत कोणी सांगितले नाही, तर अचूक निदान आणि शुद्ध औषध ही दोन्ही वाया जातात. दवासाजाचा खल गेला; रुग्णाच्या भाषेत हे समजावून सांगण्याचे काम मात्र त्याच्या वारसाकडे आले आहे, आणि ते कोणताही कारखाना करून देणार नाही.