छोट्या शाळेचा इतिहास लिहिताना आधी भाजक बघा

वर्धा जिल्हा आणि शिक्षण असा विषय निघाला की संशोधक थेट सेवाग्रामकडे वळतात. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात भरलेली शिक्षण परिषद आणि तिथून पुढे आलेली नई तालीम यांवर भरपूर लिहिलं गेलंय. पण समजा, याच जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या जामच्या आसपासच्या साध्या प्राथमिक शाळांचा इतिहास तुम्हाला लिहायचाय. शिक्षक किती होते, खोल्या कशा होत्या, एवढंच. यात अडचण अशी की ‘पुरेसे शिक्षक’ मोजण्याचं मापच मधल्या काळात बदललंय.

आधी कागदांचं बघू. वर्धा 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात. स्थानिक कारभारही डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडून 1948 च्या कायद्याने आलेल्या जनपद सभांकडे आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदेकडे गेला. त्यामुळे एकाच कार्यालयात सलग दप्तर मिळेल असं गृहीत धरू नका.

आता माप. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या, व्हरांडा, स्वच्छतागृहं आणि किमान दोन शिक्षक, असा तिचा आग्रह होता. इथे एकक होतं ‘शाळा’. पट लहान असला तरी दुसरा शिक्षक हवाच. मात्र शिक्षकाच्या पगाराचा पैसा एका योजनेतून आणि इमारतीचा मुख्यतः ग्रामीण रोजगार योजनांतून येणार होता. म्हणून शिक्षक आणि खोली एकाच वर्षी आले असं तुमच्या टिपणात लिहिण्याआधी दोन्ही तारखा वेगवेगळ्या तपासा.

1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी 60 पटापर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 साठी तीन, आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली. म्हणजे खोली शिक्षकाला बांधली गेली आणि शिक्षक पटाला. एकक सरकून ‘विद्यार्थी’ झालं, तरी दोनाचा तळ शाबूत होता. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, तेव्हा वीसपर्यंत पटाच्या शाळांमधलं दुसरं नियमित पदच वादात सापडलं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चौथीपर्यंतची शाळा, पट 18, शिक्षक दोन. गुणोत्तर 9. एक शिक्षक कमी केला तर 18, तरीही कागदावर उत्तमच! पण भाजताना विद्यार्थ्यांऐवजी इयत्ता घ्या. आधी एका शिक्षकाकडे दोन इयत्ता होत्या, आता चारही. त्याला केंद्रावर बैठकीला बोलावलं की शिकवायला कुणीच नाही. सरासरी गुणोत्तरात हे दिसत नाही. म्हणूनच कायद्याचं कलम 25 गुणोत्तर ‘प्रत्येक शाळेत’ राखायला सांगतं, जिल्ह्याच्या सरासरीवर भागवत नाही.

आकडे घेतानाही सावध राहा. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 ला राज्यभर पटपडताळणी करावी लागली, ती नोंदवलेला पट आणि हजर मुलं यांत तफावत असल्याच्या संशयावरूनच. मंजूर पदं आणि कार्यरत शिक्षक हे दोन वेगळे रकाने ठेवा. खोल्यांचंही तसंच. धोकादायक ठरलेली, पण निर्लेखन न झालेली खोली एकूण संख्येत धरलीय का, हे विचारा.

हे सगळं नुसतं पद्धतीचं काटेकोरपण नाही. छोटी शाळा ‘परवडत नाही’ हा निष्कर्ष अशाच आकड्यांवर उभा राहतो. पुढची शाळा एका किलोमीटरवर आहे, असं तक्त्यात सहज लिहिता येतं. नागपूर-हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरचा रस्ता जिथे फुटतो, त्या जामच्या परिसरात त्या किलोमीटरमध्ये महामार्ग आडवा येत असेल, तर सहा वर्षांच्या मुलासाठी ते अंतर वेगळंच असतं. तुमच्या आराखड्यात त्यासाठीही एक रकाना ठेवा.