लाखेचा किडा आणि पिठ्या ढेकूण : मानवी संबंधांचा तौलनिक इतिहास

प्रस्तावना :
लाखेचा किडा व कापसावरील पिठ्या ढेकूण हे खवले कीटकांच्या एकाच महाकुलातील होत. दोहोंची मादी पंखहीन असून वनस्पतीचा रस शोषून जगते. तथापि एकाला मानवाने झाडावर जोपासले, तर दुसऱ्यावर विष फवारले. या भेदाचे मूळ कीटकाच्या स्वभावापेक्षा मानवाच्या गरजेत अधिक आहे.

लाखेचा किडा :
अथर्ववेदात लाक्षेचे स्तवन आहे, तर महाभारतात लाक्षागृहाची कथा आहे. पळस, बोर व कुसुम या वृक्षांवर हा किडा राळ स्रवतो. हिंगोलीचा प्रदेश ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या राजधानीतील लाड बाजार लाखेच्या बांगड्यांसाठी आजही प्रसिद्ध आहे. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था स्थापन झाली. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंगांनी लाखेच्या तांबड्या रंगाची आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्लॅस्टिकने ग्रामोफोन तबकड्यांतील लाखेची जागा घेतली. किडा तोच राहिला. बाजार मात्र बदलला.

पिठ्या ढेकूण :
हा कीटक मूळचा अमेरिका खंडातील. २००५ नंतर भारतातील कापसावर त्याचा उपद्रव वाढला. २००२ मध्ये मान्यता मिळालेला बीटी कापूस बोंडअळीविरुद्ध होता; रसशोषक किडींना त्याने अटकाव होत नाही. साहजिकच शेतकरी फवारणीकडे वळले. मात्र अंगावरील मेणचट आवरणामुळे ही कीड बचावते आणि तिच्यावर जगणारी एनासियससारखी मित्रकीटके मरतात. फवारणीची किंमत माणसालाही मोजावी लागते. २०१७ मध्ये हिंगोलीलगतच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले.

निष्कर्ष :
लाख उत्पादकास तीन गोष्टींचे ज्ञान आवश्यक असते : किड्याचे आश्रयवृक्ष, पिल्ले बाहेर पडण्याचा काळ आणि त्याचे नैसर्गिक शत्रू. कापूस उत्पादकासही हेच ज्ञान हवे. केवळ हेतू उलटा. बांधावरील गाजरगवत या किडीला आसरा देते, म्हणून ते उपटावे. पिल्लांवर मेण चढण्यापूर्वीच उपाय योजावा आणि मित्रकीटकांना जपावे. कीटकाला शत्रू ठरविणे सोपे असते. त्याचे जीवनचक्र जाणणे कष्टाचे असले तरी त्यातच हिंगोलीसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याचे हित आहे.