जनानी ड्योढी आणि जयपूरच्या माजीसाहिबा

सवाई जयसिंहाने 1727 मध्ये वसवलेल्या जयपूरच्या राजवाड्यात राजस्त्रियांच्या निवासासाठी राखलेल्या भागाला जनानी ड्योढी म्हणत. पडद्यामागची ही जागा बाहेरच्यांना बंदिस्त वाटली, तरी तिथे राहणाऱ्या स्त्रियांत विधवांची संख्या मोठी असल्यामुळे, वैधव्यातील दीर्घ आयुष्य स्त्रिया कोणाच्या सोबतीने काढीत, हे जाणून घेण्यासाठी तिच्याइतके चांगले ठिकाण जयपुरात दुसरे नाही. राजाच्या मृत्यूनंतर त्याच्या राण्यांना ‘माजी’ किंवा आदराने ‘माजीसाहिबा’ म्हटले जाई. प्रत्येकीचा ‘रावळा’, म्हणजे स्वतःची दालने, स्वयंपाकघर आणि नोकरवर्ग असलेला घरसंसार, वेगळा असे. हातखर्चासाठी तिला गावे नेमून दिलेली असत, त्यांचा वसूल व बाहेरचा व्यवहार कामदार पाहत असे, निरोपांची ने-आण नाजर म्हणजे जनान्यावर नेमलेले खोजे अधिकारी करीत आणि आतील सूत्रे दासींमध्ये ज्येष्ठ असलेली बडारण सांभाळी. पती गेल्यावरही स्त्रीभोवतीचे हे मनुष्यबळ टिकून राही, आणि माजींच्या वजनाचा उगम त्यातच शोधावा लागतो.

हे वजन राज्यकारभारातही जाणवे. 1768 मध्ये सवाई माधोसिंह वारल्यावर त्याचा लहानगा मुलगा पृथ्वीसिंह याच्या नावाने माधोसिंहाच्या विधवा चूंडावत राणीने कारभार हाती घेतला. त्याहून बोलका प्रसंग 1819 चा आहे. आदल्या वर्षाच्या अखेरीस महाराजा जगतसिंह निपुत्रिक वारला होता आणि मोहन नावाच्या नाजराने नरवरच्या घराण्यातील एका मुलाला घाईने गादीवर बसवले होते. अशा वेळी भटियाणी राणी गरोदर असल्याची बातमी जनान्यातून बाहेर आली. ती खरी की रचलेली, हे ठरवण्यासाठी 1 एप्रिल रोजी दिवंगत महाराजाच्या सोळा विधवा आणि मोठ्या सरदारांच्या पत्नी एकत्र बसल्या, आणि त्यांचा निर्णय येईपर्यंत राज्यातील ठाकूर, म्हणजे जहागीरदार सरदार, ड्योढीबाहेरच्या दालनात थांबून राहिले, असे कर्नल जेम्स टॉडने नोंदवले आहे. स्त्रियांनी गर्भ खरा असल्याचे सांगितले, सरदारांनी ते मान्य केले, त्याच महिन्यात मुलगा जन्मला आणि तिसरा जयसिंह म्हणून गादीवर आला. ज्या समाजात विधवेचे दर्शन अशुभ मानले जाई, त्याच समाजात गादीच्या वारसाचा प्रश्न विधवांच्या सभेने सोडवला, आणि तिच्या शब्दावर शस्त्रधारी पुरुषांनी विश्वास ठेवला, ही घटना राजस्थानच्या इतिहासात आजवर मिळाली त्याहून कितीतरी मोठी जागा मिळण्याच्या योग्यतेची आहे.

याच ड्योढीची दुसरी बाजू मात्र भयंकर होती. डिसेंबर 1750 मध्ये मल्हारराव होळकरांची फौज जयपूरजवळ येऊन ठेपली असता सवाई ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली, तेव्हा त्याच्या काही राण्यांनीही प्राण दिले. त्यानंतर चार वर्षांच्या आत, 1754 मध्ये, कुंभेरच्या वेढ्यात मुलगा खंडेराव पडल्यावर सती जाऊ पाहणाऱ्या सुनेला, अहिल्याबाईला, त्याच मल्हाररावांनी परावृत्त केले, असे परंपरा सांगते. जयपूर दरबाराने सती जाण्यास मदत करणे हा गुन्हा ठरवला तो ऑगस्ट 1846 मध्ये, महाराजा रामसिंह अल्पवयीन असताना, ब्रिटिश अधिकारी मेजर जॉन लडलो प्रमुख असलेल्या कारभारी मंडळाच्या काळात. कायद्याने विधवेचा जीव वाचवला. पुढची तीस-चाळीस वर्षे तिने कोणाच्या संगतीत काढायची, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नव्हता.

तो प्रश्न शहरातील सामान्य घरांत अधिक तीव्र होता. जाट, गुजर, माळी अशा अनेक जातींत ‘नाता’ या प्रथेने विधवेला दुसरा संसार मांडता येई. राजपूत, ब्राह्मण आणि वैश्य घरांत ती वाट बंद होती. तेथे पती वारताच हातातला चुडा उतरे, मग काही काळ घराच्या कोपऱ्यातच बसून राहावे लागे, आणि त्यानंतर तीज व गणगौर हे जयपूरच्या स्त्रियांचे दोन मोठे सण तिला परके होत. आपल्याकडे ज्या चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर बसवतात, त्याच तिथीला तिकडे गणगौरीची सवारी जनानी ड्योढीतून निघून त्रिपोलिया दरवाजातून शहरात येते, आणि दोन्हीकडे त्या दिवशीचा मान सवाष्णींचा असतो. विधवेसाठी उरे ते देऊळ. कार्तिकात पहाटे स्नान करून घोळक्याने कहाण्या ऐकायच्या आणि वर्षभर गोविंददेवजींच्या मंदिरात दिवसातून सात वेळा होणाऱ्या ‘झांकी’ला, म्हणजे ठरावीक वेळच्या दर्शनाला, जायचे, या नित्यनेमाकडे केवळ भक्ती म्हणून पाहणे अपुरे आहे, घराबाहेर पडण्याचे सर्वमान्य निमित्त आणि समदुःखी बायकांची रोजची भेट ही त्यातली मोठी कमाई होती.

महाराणी गायत्रीदेवी 1940 मध्ये विवाह होऊन जयपूरला आल्या तेव्हा जनान्यात सुमारे 400 स्त्रिया राहत होत्या आणि त्यांत विधवा नातलग व त्यांच्या मुलीही होत्या, असे त्यांच्या 1976 च्या आत्मचरित्रात म्हटले आहे. पडदा सैल झाला, 1949 मध्ये संस्थान राजस्थानात विलीन झाले आणि ही वस्ती विरत गेली. पडदा गेला हे चांगलेच झाले, पण त्याच्याबरोबर निराधार वृद्धेला हक्काने सामावून घेणारे एक घरही गेले, आणि त्याच्या जागी तसे दुसरे काही आपोआप उभे राहिले नाही.

4 सप्टेंबर 1987 रोजी जयपूरपासून फार दूर नसलेल्या देवराला गावात अठरा वर्षांची रूपकंवर चितेवर जळाली, तेव्हा जयपूरच्या स्त्री-संघटना मोर्चा काढून रस्त्यावर आल्या आणि त्याच वर्षी सतीविरोधी नवा कायदा झाला. विधवांनी स्वतःच एकत्र येण्याचे काम मात्र 1999-2000 च्या सुमारास, उदयपूरच्या ‘आस्था’ संस्थेच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘एकल नारी शक्ती संघटन’मधून सुरू झाले. विधवा, परित्यक्ता आणि एकट्या राहणाऱ्या इतर स्त्रियांची ही संघटना सासरच्यांनी बळकावलेली जमीन सोडवण्यासाठी आणि अडलेले निवृत्तिवेतन मिळवण्यासाठी सभासद स्त्रीबरोबर कचेरीत जाते. तिच्या सभांना येणाऱ्या अनेक विधवा रंगीत ओढणी आणि बांगड्या घालून येतात.