गंगामूळच्या अरण्यातील विद्या

पेशवाईच्या अखेरच्या काळी व कंपनी सरकारच्या अमलाच्या आरंभी महाराष्ट्रातील मुलाचे शिक्षण बहुधा कोणाच्या ना कोणाच्या ओसरीवर होत असे. पंतोजींपुढे बसून धूळपाटीवर अक्षरे गिरवावीत, पाढे पाठ झाले की पावकी, निमकी, औटकी घोकावी, आणि मोडीचे वळण हाताला बसल्यावर एखाद्या कुलकर्ण्याच्या किंवा कचेरीतील कारकुनाच्या हाताखाली उमेदवारी करावी, हा पांढरपेशा घरातील मुलाचा ठरलेला क्रम होता. वैदिक घराण्यात बापच मुलाला संथा देई. मुलीच्या वाट्याला यांपैकी बहुधा काहीच येत नसे, कारण लिहितावाचता येणारी मुलगी विधवा होते ही समजूत घरोघर रुजलेली होती. अशा काळात एका विद्वान ब्राह्मणाने पत्नीला व पुढे त्या पत्नीने मुलीला घरीच संस्कृत शिकवले, आणि एवढ्यासाठी ते घरच गावाबाहेर न्यावे लागले, ही हकीकत घरच्या शिक्षणाचा इतिहास पाहू जाणाऱ्याने सर्वांआधी वाचावी अशी आहे.

हे ब्राह्मण म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे. ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी अध्ययन करीत होते. दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई यांनाही साठेशास्त्री संस्कृत शिकवीत, आणि वाड्यात एका स्त्रीच्या मुखातून शुद्ध श्लोक ऐकून या तरुण विद्यार्थ्याच्या मनाने जे घेतले ते आयुष्यभर सुटले नाही. पहिल्या पत्नीला शिकवण्याचा त्यांचा प्रयत्न घरच्या वडीलधाऱ्यांनी हाणून पाडला. ती वारल्यावर त्यांनी गोदातीरी जुळलेला दुसरा विवाह केला, तेव्हा ते चाळिशी उलटलेले व नवरी लक्ष्मीबाई नऊ वर्षांची होती. हा विवाह अन्याय्य होता यात शंका नाही. परंतु त्या बालिकेच्या हाती ज्याने शास्त्रग्रंथ दिला तो पुरुषही हाच, आणि दोन्ही गोष्टी एकाच चरित्रात आहेत, तेव्हा त्यांतली एक झाकून दुसरी सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मंगळूरकडील आपल्या मुलखात परतल्यावर आप्तांचा व जातीचा रोष ओढवला, आणि पुढे उडुपीस माध्व मठाधिपतींपुढे त्यांना पत्नीला शिकवण्याबद्दल जबाब द्यावा लागला. वेद वगळून इतर संस्कृत वाङ्मय स्त्रियांनी व शूद्रांनी शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, हा पक्ष त्यांनी ग्रंथवचनांच्या आधारे मांडला व पुढे तो लिहूनही ठेवला. तथापि वादात निरुत्तर न होणे वेगळे आणि गावात सुखाने नांदणे वेगळे. अखेर तुंगा, भद्रा व नेत्रावती यांच्या उगमाशी, सह्याद्रीच्या माथ्यावरील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी बिऱ्हाड थाटले. विद्यार्थी येऊन राहत, यात्रेकरू उतरत, त्या सर्वांचा खर्च शास्त्रीबोवा पदरचा करीत. २३ एप्रिल १८५८ रोजी तेथेच त्यांच्या मुलीचा, रमाबाईंचा, जन्म झाला, आणि ती सहा महिन्यांची होते न होते तोच कर्जाच्या भाराने ते बिऱ्हाड मोडले. मुलीला वेताच्या टोपलीत घालून कुटुंब तीर्थयात्रेस निघाले ते कायमचेच.

मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा वडील वृद्ध झाले होते, म्हणून अध्यापन आईकडे आले. दिवसभर स्वयंपाकपाणी व आल्यागेल्याचे आतिथ्य, यांतून उसंत मिळे ती पहाटेपूर्वीच; झोपेने जडावलेल्या मुलीला लक्ष्मीबाई अंथरुणावरून उचलून मांडीवर घेत, लाडाच्या शब्दांनी जागे करीत, आणि पाखरांची किलबिल सुरू होत असता पाठ चाले. पुस्तक पुढे नसे. आई म्हणे ते मुलगी म्हणे. या रीतीने पंधराव्या वर्षापर्यंत व्याकरण, कोश आणि भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. घोकंपट्टीला नावे ठेवणे आज सोपे आहे. पण पुढील अध्ययन फारशा कोणाच्या साहाय्यावाचून स्वतःच चालवता येईल इतके आपले मन आईने तयार केले, अशी साक्ष रमाबाईंनी स्वतः दिली आहे, आणि याहून मोठे फळ कोणत्या विद्यालयाने दिले असेल ते मला ठाऊक नाही.

याच साक्षीत दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. मुलांचा बाह्य जगाशी संपर्क आईबापांना नको होता. संस्कृतावाचून दुसरी विद्या नको, इंग्रजीचे तर नावच नको, कारण म्लेंच्छांच्या संसर्गाने जात जाईल. देवळात किंवा नदीकाठी पुराण वाचावे आणि श्रोते फळे, वस्त्रे, पैसा ठेवतील त्यावर गुजराण करावी, एवढाच चरितार्थ कुटुंबाला माहीत होता. दुष्काळ आला, श्रोत्यांच्याच घरी दाणा उरला नाही, तेव्हा शास्त्र जाणणारी ही माणसे भीक मागण्यास किंवा मोलमजुरी करण्यास धजेनात, आणि दुसरे काही त्यांना येत नव्हते. रानातील पाने खाऊन दिवस काढले. १८७४ च्या सुमारास प्रथम वडील व मग आई गेली, पुढे बहीणही गेली. घरच्या भिंतींनी ज्ञान राखले होते, त्याच भिंतींनी जग बाहेर ठेवले होते.

१८७८ साली भाऊ श्रीनिवास यांच्यासह रमाबाई कलकत्त्यास पोहोचल्या तेव्हा तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वडिलांनी जे वगळले होते ते वेद वाचण्यास त्यांना प्रवृत्त केले ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी. इंग्रजी त्या पुढे विवाह होऊन वैधव्य आल्यावर शिकल्या. १८८२ मध्ये पुण्यात शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका, स्त्री तपासनीस आणि स्त्री वैद्य यांची मागणी केली. एकट्या आईने पहाटेच्या वेळात चोरून जे केले ते सरकारने उघडपणे व सर्वांसाठी करावे, असाच त्या मागणीचा अर्थ मी लावतो.

१८८९ साली मुंबईत रमाबाईंचे शारदासदन हे विधवांसाठीचे विद्यालय निघाले, ते पुढे पुण्यास गेले, आणि केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. १८९६ व १९०० च्या दुष्काळांतील शेकडो अनाथ मुली तेथे आल्या. त्यांना अक्षरओळखीबरोबर विणकाम, शेती, घाण्यावर तेल काढणे आणि छापखान्याचे काम शिकवण्यात येऊ लागले. आपल्या आईबापांना ज्या उणिवेपायी प्राण गमवावे लागले ती रमाबाईंनी आपल्या मुलींत राहू दिली नाही. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात मुलींनी खिळे जुळवून छापले, आणि बाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, ते प्रसिद्ध झाले.