लाकडी बैल आणि काळी मारबत

भाद्रपद शुद्ध प्रतिपदेच्या चौकटीत आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये फारसे काही छापलेले नसते. आदल्या दिवशी पिठोरी अमावास्या आणि पोळा, दोन दिवसांनी हरतालिका, मग गणपती. मुंबई-पुण्याच्या माणसाला हा मधला पाडवा मखराची आणि फुलांची खरेदी उरकण्याचा दिवस वाटतो. विदर्भात मात्र ही 'पोळ्याची कर', आणि नागपुरात तर ती पोळ्याहूनही मोठी. जिल्हा प्रशासन त्या दिवशी स्थानिक सुट्टी देते, इतवारी-महालातले रस्ते सकाळपासून माणसांनी भरून जातात. एकाच दिवशी शहरात दोन सण होतात. दोन्ही बाहेर फारसे ठाऊक नाहीत, आणि एकमेकांशी त्यांचा काही संबंध असेल असे खुद्द नागपूरकरांनाही सहसा वाटत नाही. मला तो वाटतो. किंबहुना गेली काही वर्षे माझ्या सुट्ट्या आणि संध्याकाळी त्यातच गेल्या आहेत.

पहिला सण तान्हा पोळा. खऱ्या बैलांचा पोळा अमावास्येला झाला, आता लहान मुलांच्या लाकडी बैलांचा. बैल चाकांवर उभे, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू. काही तळहातावर मावतील एवढे, काही ओढायला दोघे-तिघे लागतील एवढे. मुले नटूनथटून बैल घेऊन घरोघर जातात आणि प्रत्येक घरी बोजारा मिळवतात. बोजारा म्हणजे खाऊ किंवा पैसे. हा शब्द वैदर्भीय माणसाने उच्चारला की त्याचे वय एकदम आठ-दहा वर्षांचे होते. या सणाचे श्रेय परंपरेने नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना दिले जाते. शेतकऱ्याच्या पोरांनाच नव्हे, सगळ्याच मुलांना बैलाचे महत्त्व कळावे म्हणून राजाने लाकडी बैल करवले, असे सांगतात. भोसल्यांच्या वाड्यातला मोठा लाकडी बैल आजही मिरवणुकीने निघतो.

दुसरा सण मारबतीचा. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, वर रंग अशा दोन अवाढव्य स्त्री-प्रतिमा, एक पिवळी आणि एक काळी, शहराच्या जुन्या भागातून वाजतगाजत निघतात. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची. नेहरू पुतळ्याच्या चौकात दोघींची भेट होते. त्या क्षणी चौकात उभे राहणे म्हणजे फक्त ढकलले जाणे. मागून येतात बडगे. बडग्या हा पुरुषाचा पुतळा, आणि तो दरवर्षी नवा असतो. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, दहशतवाद्याचा, कधी परदेशी राज्यकर्त्याचा, कधी महापालिकेच्या खड्ड्यांचा. गळ्यात पाट्या, पाट्यांवर सभ्य अंकात छापता न येणारा मजकूर. 'घेऊन जा गे मारबत' हा घोष दिवसभर चालतो आणि शेवटी प्रतिमांचे दहन होते.

काळी मारबत कोण, असे मिरवणुकीत कोणालाही विचारा. 'बाकाबाई' असे उत्तर मिळते. भोसल्यांच्या घराण्यातली राणी, इंग्रजांना मिळाली, म्हणून लोकांनी तिचा काळा पुतळा करून जाळायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांतही दरवर्षी याच तीन वाक्यांचा मजकूर येतो. त्यात एक गोष्ट कोणी लिहीत नाही: बाकाबाई ही दुसऱ्या रघूजींची बायको. म्हणजे एकाच पाडव्याला, एकाच शहरात, नवऱ्याच्या नावाने पोरे लाकडी बैल फिरवतात आणि बायकोच्या नावाने काळी प्रतिमा जळते. हे लक्षात आल्यापासून मला दोघांचेही हिशेब तपासावेसे वाटले.

आधी नवऱ्याचा. १८०३ साली शिंदे आणि भोसले मिळून इंग्रजांशी लढले. सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड अशी एकामागून एक हार झाली आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. रघूजींनी कटक प्रांत कंपनीला दिला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूख सोडला. राज्याचे उत्पन्न एकदम घटले. ते भरून काढण्यासाठी उरलेल्या रयतेला त्यांनी इतके पिळले की लोक त्यांना 'बडा बनिया' म्हणू लागले. इंग्रजी गॅझेटियरने हे नाव जपून ठेवले आहे. त्यांच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की तहानंतरही कंपनीची तैनाती फौज त्यांनी मरेपर्यंत स्वीकारली नाही. मार्च १८१६ मध्ये ते वारले आणि सुमारे दोन महिन्यांनी आप्पासाहेबांनी तो करार करून टाकला.

आता बायकोचा. रघूजींचा मुलगा परसोजी दुबळा आणि आजारी होता. त्याच्या नावाने कारभार कोणी पाहायचा यावरून वाड्यात दोन तट पडले. बाकाबाई एका तटात, रघूजींचे पुतणे आप्पासाहेब दुसऱ्यात. आप्पासाहेब जिंकले, आणि १८१७ च्या आरंभी परसोजीचा खून झाला. हेच आप्पासाहेब त्या वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीवर इंग्रजांविरुद्ध लढले आणि नागपूरच्या आठवणीत वीर ठरले. ते वीर होतेही. पण परसोजीचा गळा आवळला गेला तो वाडा बाकाबाईच्या डोळ्यांसमोरचा होता. १८१८ मध्ये आप्पासाहेब पदच्युत झाले, रघूजींच्या मुलीचा अल्पवयीन मुलगा तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसला, त्याची पालक बाकाबाई झाली आणि राज्यकारभार रेसिडेंट जेंकिन्सने पाहिला. ती 'इंग्रजांना मिळाली' याची सुरुवात इथे आहे. तिला निवड होती ती कंपनी आणि स्वातंत्र्य यांत नव्हती. कंपनी आणि आप्पासाहेब यांत होती.

पुढचा अंक १८५३ चा. ११ डिसेंबरला तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने नागपूर खालसा केले. पाठोपाठ वाड्यातली चीजवस्तू हलवायला सुरुवात झाली. भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. सर जॉन के याने सत्तावनच्या उठावाचा जो मोठा इतिहास लिहिला त्यात या प्रकरणावर काही पाने आहेत, आणि इंग्रज असूनही त्याला त्याची लाज वाटलेली दिसते. हत्ती, उंट, घोडे आणि बैल सीताबर्डीला मातीमोल भावाने लिलावात निघाले. ज्या घराण्याने मुलांना लाकडी बैल दिले असे आपण म्हणतो, त्याच घराण्याचे दावणीचे बैल. या वेळी सामानाला हात लावाल तर वाडाच पेटवून देईन, अशी धमकी वृद्ध बाकाबाईने दिली होती, हेही के नेच नोंदवले आहे. सामान गेलेच. पण सगळ्या नागपुरात उघडपणे 'नाही' म्हटल्याची लेखी नोंद ज्यांची उरली, त्यांत ही म्हातारी आहे. काळ्या मारबतीच्या कथेत हा प्रसंग कधीच येत नाही.

आणि मग १८५७. जूनच्या मध्यात नागपूरच्या अनियमित घोडदळाने उठावाचा बेत केला, तो फसला आणि पुढाऱ्यांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फासावर लटकवले गेले. त्या दिवसांत बाकाबाईने आपले सगळे वजन इंग्रजांच्या बाजूने टाकले, नातलगांना आणि आश्रितांना उठावापासून दूर ठेवले. मराठी मुलूख शांत राहण्याचे मोठे श्रेय सरकारी कागद तिलाच देतात. यात सारवासारव करण्यासारखे काही नाही. आरोप खरा आहे. १८५८ मध्ये ती वारली.

आता तारखा पाहा. उत्सव चालवणाऱ्यांच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून. म्हणजे राणी जाऊन २३ वर्षे झाल्यावर. सत्तावनच्या साली तरणा असलेला माणूस तेव्हा पन्नाशीला पोचला होता. संताप इतका वेळ धुमसत राहिला आणि मग एका पाडव्याला पुतळ्याच्या रूपाने बाहेर पडला, ही कल्पना नाट्यमय आहे, पण मला ती पटत नाही.

न पटण्याचे मुख्य कारण शहराबाहेर आहे. माझे बालपण भंडाऱ्याकडच्या खेड्यात गेले. पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लावायच्या, त्यांना आम्ही मेढे म्हणायचो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पोरांनी ते उचलायचे आणि ओरडत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचे. खोकला, खरूज, ढेकूण, मच्छर, जे जे नको ते घेऊन जा गे मारबत! कागदाची मूर्ती नाही, ढोल नाही. आजी मागून एकेका रोगाचे नाव आठवून सांगायची. राणीचे नाव त्यात कधी ऐकले नाही, आणि आमचे गाव भोसल्यांच्याच राज्यातले. पुढे बालाघाट, शिवनी भागात गेलो तर तिथे हाच प्रकार 'नारबोद' नावाने, हिंदीत. त्याच दिवशी, त्याच शिवेवर, त्याच खोकल्याला निरोप. काही जण मारबतीचा संबंध पूतनेशी जोडतात: कृष्णाने मारलेली राक्षसी गोकुळवाल्यांनी ओढत गावाबाहेर नेली. तीही मला नंतर चिकटवलेली कथा वाटते, पण निदान ती प्रथेचे मूळ काम ओळखते. भाद्रपदाच्या तोंडावर निंदण संपलेले असते, पाणी साचलेले असते, ताप आणि हगवण घरोघर असते. गणपती यायच्या आधी घर झाडावे तसे गाव झाडायचे.

ही गावची प्रथा शहरात आली तेव्हा नागपूर बदलत होते. १८६७ मध्ये रेल्वे आली होती, १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली होती. दाट वस्तीत शीव कुठली? म्हणून फांदीची मूर्ती झाली आणि शिवेची मिरवणूक. मूर्ती झाली की चेहरा आला, आणि चेहरा आला की लोक विचारणारच, ही कोण? बडग्याला दरवर्षी नवे नाव मिळते, मारबत मात्र तीच राहते, म्हणून तिला एक कायमचे नाव लागले. माझा तर्क असा की बाकाबाईचे नाव मूर्तीला या वाटेने आले. मूर्ती तिच्यासाठी घडली नाही. राज्य कोणी घालवले, हा प्रश्न तेव्हाच्या नागपुरात जिवंत होता. डलहौसी दूर होता. आप्पासाहेब वीर होते. रघूजी राजे होते, शिवाय मुलांचे लाडके. उरली ती एक विधवा.

रोगराईला बाई ठरवायला आपल्याकडे कधी अडचण आलेली नाही. मरीआई, शीतळा, पूतना या ओळीत आणखी एक नाव घालणे सोपे होते. देवगावच्या तहावर सही करणाऱ्याचा बडग्या कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

बाकाबाई शेवटपर्यंत कशासाठी धडपडत होती, हे कागदांत दिसते. घराण्यात दत्तक मान्य व्हावा, एवढेच तिला हवे होते. खालसा करताना कंपनीने तो नाकारला होता. उठाव मोडल्यावर, बाकाबाईच्या निष्ठेचे बक्षीस म्हणून, इंग्रज सरकारने दत्तक जानोजींना मान्यता दिली आणि साताऱ्याकडच्या देऊर गावावरून 'देऊरचे राजाबहादूर' हा किताब दिला. ते पाहायला ती नव्हती. राज्य परत आले नाही, पण घराणे टिकले, वाडा टिकला. त्याच वाड्याच्या दारातून पाडव्याला लाकडी बैल बाहेर पडतो, आणि त्याच दिवशी थोड्या अंतरावरून काळी मारबत जाळायला निघालेली असते.