साहेबाची शिवी, आपला 'डांबिस' आणि देवळालीचा ताप

#धागा #इतिहास #भाषा

१) खोड्या करून साळसूद चेहऱ्याने समोर उभ्या राहणाऱ्या मुलाला आपल्याकडे आजी कौतुकाने 'डांबिस' म्हणते. हा शब्द ज्या इंग्रजी शिवीपासून आला असे परंपरेने सांगितले जाते, ती शिवी आहे 'डॅम बीस्ट', म्हणजे शापित जनावर. आज ब्रिटिशांच्या शिव्या, त्यांची बोली आणि या शब्दांमागे दडलेला सामाजिक दर्जा यांविषयी लिहितो आहे.

२) आरंभ पनवेलपासून करू. लोहमार्ग होण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला साहेब होडीने पनवेलच्या खाडीत उतरत असे. तेथून खोपोली, मग बोरघाट, मग पुणे. १८३० मध्ये घाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि ही वर्दळ आणखी वाढली. बंदरावर हमाल, पालखीचे भोई, घोडेवाले, गाडीवान. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि दोहोंच्या मध्ये मोडकीतोडकी हिंदुस्थानी.

३) अशा जागी परकी भाषा कशी शिकली जाते? तिचा आरंभ व्याकरणाने होत नाही, हुकुमाने होतो. याचा पुरावा हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात आहे. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलीचा हा कोश. हिंदुस्थानीतून इंग्रजीत शिरलेली क्रियापदे बहुतेक सगळी आज्ञार्थी आहेत, असे निरीक्षण त्यात नोंदवले आहे. 'बनाओ'चे बनले 'बनाव', 'पकडो'चे 'पकराव', 'लगाओ'चे 'लगाव'.

४) या एका निरीक्षणात संपूर्ण नाते सामावले आहे. 'मी करतो', 'आपण करू', 'त्याने केले' ही रूपे साहेबाला लागलीच नाहीत. त्याला लागले ते 'कर', 'पकड', 'लाव'. कोशाचे नावही लक्षात घ्या. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा शोकाचा उद्गार गोऱ्या शिपायांच्या कानांना 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकू आला आणि तीच थट्टा पुढे एका विद्वत्तापूर्ण ग्रंथाचे नाव झाली.

५) आता इंग्रजांच्या घरची शिवी पाहू. 'गॉड डॅम' हा उद्गार त्यांच्या तोंडी इतका रुळलेला होता की पंधराव्या शतकात फ्रेंच लोक इंग्रज सैनिकांना 'गोदों' म्हणू लागले. पुढे बोमार्शेच्या नाटकातला फिगारो तर म्हणतो की इंग्लंडमध्ये एवढा एक शब्द येत असला की माणसाचे कोठेही अडत नाही. एखाद्या राष्ट्राला त्याच्या शिवीवरूनच नाव पडावे, असा हा मासला.

६) शिवीला दर्जा असतो हे इंग्लंडने कायद्यातच लिहून ठेवले होते. १७४५ च्या अभद्र शपथांविषयीच्या कायद्याने अशी शपथ उच्चारणाऱ्याला दंड ठरवला. मजूर, साधा शिपाई किंवा खलाशी असल्यास १ शिलिंग. त्याहून वरचा, पण 'जंटलमन'हून खालचा असल्यास २ शिलिंग. जंटलमन किंवा त्याहून वरचा असल्यास ५ शिलिंग. हा कायदा रद्द झाला थेट १९६७ मध्ये.

७) म्हणजे शब्द तोच, पण उच्चारणारा जितका मोठा तितका अपराध मोठा. प्रतिष्ठिताने तोंड सांभाळावे, ही त्यामागची अपेक्षा. 'ब्लडी' या शब्दाचेही असेच. १९१४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकात फुले विकणारी एलायझा उच्चभ्रूंच्या बैठकीत हा शब्द उच्चारते. प्रेक्षागृहात हशा उसळला आणि वृत्तपत्रांत वाद रंगला. कारण हा शब्द रस्त्यावरचा, आणि तो दिवाणखान्यात आला होता.

८) याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणले. भक्ती बर्वे यांची मंजुळा अनेकांना ठाऊक असते. भाषेवरून माणसाची पायरी ठरवण्याची रीत लंडनइतकीच आपलीही असल्यामुळे ते रूपांतर इथल्या मातीत सहज रुजले.

९) परंतु 'ब्लडी' समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आला आणि त्याचा दर्जा उलटा झाला. तिकडे तो गोदीतल्या कामगाराचा शब्द. इकडे तो साहेबाच्या तोंडून ऐकू आला, म्हणून सत्तेचा शब्द झाला. आजही आपल्या नाटका-चित्रपटांतला निवृत्त लष्करी अधिकारी 'ब्लडी फूल' म्हणतो तेव्हा तो आपल्याला असभ्य वाटत नाही, रुबाबदार वाटतो. ज्या घरात मराठी शिवी दिल्यास कानाखाली बसते, त्याच घरात 'इडियट' आणि 'नॉनसेन्स' खपून जातात.

१०) 'लोफर'चा प्रवास याच्या नेमका उलट. अमेरिकेतून आलेला हा बोलीतला शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात वापरला जाई तो गोऱ्यांसाठीच. नोकरी सुटलेले शिपाई, जहाज सोडून आलेले खलाशी, रेल्वेच्या कामावरून काढलेले कारागीर गावोगाव भटकत, मागून खात. गोऱ्या माणसाने भीक मागावी ही गोष्ट राज्यकर्त्यांना लाजिरवाणी वाटली. म्हणून युरोपीय भटक्यांसाठी खास कायदे झाले. १८७४ च्या कायद्यान्वये अशांना सरकारी श्रमगृहात ठेवण्याची आणि देशाबाहेर पाठवण्याची सोय होती.

११) पुढे गोरे लोफर दिसेनासे झाले, शब्द मात्र येथेच राहिला. आज आपण नाक्यावर उभ्या असलेल्या आपल्याच मुलांना 'लोफर' म्हणतो. राज्यकर्त्यांना आपल्याच माणसांची लाज लपवण्यासाठी ज्या वर्गाविरुद्ध कायदा करावा लागला, त्या वर्गाचे नाव आपल्या अंगावर येऊन बसले आहे.

१२) आता देवळाली. नाशिकजवळच्या या गावी १८६१ मध्ये ब्रिटिश सैन्याची छावणी उभी राहिली. नवे शिपाई येथे उतरत आणि मुदत संपलेले शिपाई येथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे हिवाळ्याच्या मोसमातच चालत. मोसम संपल्यावर कोणी छावणीत पोहोचला की त्याला महिनोन्‌महिने तिष्ठत बसावे लागे. काम नाही, कवायत जेमतेम, ऊन रणरणते, हाताशी दारू.

१३) त्या रिकामपणात काही शिपाई खरोखर भ्रमिष्टासारखे वागू लागत. त्यांच्यासाठी सोबत्यांनी शब्द काढला 'डूलॅली टॅप'. 'डूलॅली' म्हणजे देवळाली आणि 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. देवळालीचा ताप. फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या हिंदुस्थानातील आठवणींत याचे वर्णन केले आहे. पुढे 'ताप' गळून पडला. आज इंग्लंडमध्ये एखाद्याचे डोके फिरले की तो 'डूलॅली' झाला असे म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना हे नाशिकजवळच्या एका गावाचे नाव आहे हे ठाऊकही नसते.

१४) थोडक्यात, देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. 'विलायती'वरून त्यांनी आपल्याच देशाला 'ब्लायटी' म्हटले. पहिल्या महायुद्धात मायदेशी परत पाठवले जाईल एवढीच जखम झाली, तर ती 'ब्लायटी' जखम म्हणून शिपाई सुटकेचा निःश्वास टाकत. पण ही देवाणघेवाण बरोबरीची होती का?

१५) नव्हती. १८७५ च्या नोव्हेंबरात युवराज एडवर्ड (पुढे सातवा एडवर्ड) मुंबईत उतरला. इथले इंग्रज अधिकारी हिंदी लोकांविषयी ज्या उर्मट भाषेत बोलत, ती ऐकून तो अस्वस्थ झाला. निग्रो शब्दाचे जे अत्यंत हीन रूप आहे, ते त्यांच्या सर्रास बोलण्यात होते. याबद्दलची नाराजी त्याने लॉर्ड ग्रॅनव्हिलला पत्राने कळवली. भावी सम्राटाला काही आठवड्यांत जे खटकले, ते इथला हमाल आणि कारकून आयुष्यभर ऐकत होता.

१६) त्याने दाद मागावी म्हटले तर? १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०४ होते. शांतताभंग घडेल अशा रीतीने हेतुपुरस्सर केलेला अपमान हा गुन्हा. कागदावर ते सर्वांना सारखे. पण मुंबईसारख्या इलाख्याच्या राजधान्यांबाहेर, म्हणजे पनवेलसारख्या मुफसल भागात, हिंदी न्यायाधीशाला युरोपीय ब्रिटिश प्रजाजनावर फौजदारी खटला चालवण्याचा अधिकारच नव्हता. हा भेद मिटवू पाहणाऱ्या १८८३ च्या इल्बर्ट विधेयकाविरुद्ध गोऱ्यांनी काहूर माजवले. अखेर १८८४ मध्ये तडजोड झाली. हिंदी जिल्हा न्यायाधीशापुढे खटला चालेल, पण आरोपीला किमान निम्मे गोरे असलेली ज्यूरी मागता येईल.

१७) म्हणजे इंग्लंडात शिवी देणाऱ्या जंटलमनला पाचपट दंड, आणि हिंदुस्थानात त्याच जंटलमनला कायद्याची ढाल. शिवीचे वजन शब्दात नसते. ती ऐकणाऱ्याला उलट बोलता येते की नाही, यावर ते ठरते.

१८) उलट बोलण्याचे एक उदाहरण सांगितलेच पाहिजे. नोव्हेंबर १८८८ मध्ये एडिंबरो येथील भाषणात पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरीने दादाभाई नौरोजींचा उल्लेख 'काळा माणूस' असा केला. ब्रिटिश मतदार अशाला निवडून देतील का, हा त्याचा रोख. त्यावर खुद्द इंग्लंडातच निषेध उमटला आणि ज्यांना कोणी ओळखत नव्हते ते दादाभाई घरोघरी पोहोचले. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ते पार्लमेंटवर निवडून आले. मताधिक्य इतके थोडे, की नौरोजी नावाशी यमक जुळवून लोक त्यांना गमतीने 'नॅरो मेजॉरिटी' म्हणू लागले. अपमानाच्या शब्दाला मतपेटीने दिलेले हे उत्तर.

१९) पनवेलकरांना दुसरे उत्तरही ठाऊक आहे. येथून जवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्याला लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. आई आजारी असताना रजा वेळेवर मिळाली नाही आणि तिची शेवटची भेट हुकली. त्यांच्या मनातल्या ठिणगीविषयी सांगताना हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. पुढे दुष्काळाने होरपळलेला मुलूख पाहून त्यांनी बंड उभारले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. अपमान करायला दर वेळी शिवीच लागते असे नाही. रजेच्या अर्जाला उत्तर न देणे हाही त्याच भाषेतला एक शब्द आहे.

२०) आता पुन्हा 'डांबिस'कडे. 'डॅम बीस्ट'वरून तो आला, ही गोष्ट ऐकताच पटते. पण ऐकताच पटणाऱ्या व्युत्पत्तीपासून इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. 'मला डॅमची पर्वा नाही' या इंग्रजी वाक्प्रचारातला 'डॅम' म्हणजे आपले 'दाम' हे नाणे, असेही सांगत असत. 'हॉब्सन-जॉब्सन'लाही तो मोह आवरला नाही. आधुनिक कोशकारांनी ते अमान्य केले. 'डूलॅली'चे तसे नाही. तिथे गाव आहे, छावणी आहे, शिपायाची लेखी आठवण आहे. 'डांबिस'ची कथा परंपरा म्हणून सांगावी, सिद्ध गोष्ट म्हणून नव्हे.

२१) तरीही ती कथा मराठी माणसाने जपली, याला अर्थ आहे. ज्या शब्दाने आपल्याला जनावर ठरवले गेले, तो आपण उच्चार बदलून, विष काढून, नातवाच्या गालावर ठेवला, अशी ती कथा आहे. ती ऐकताना हसू येते. पण बंदरावर ओझे उचलताना तो शब्द पहिल्यांदा ज्याने ऐकला असेल, त्याला हसू आले नसणार. आपल्या हसण्यात त्याचीही आठवण राहावी, एवढ्यासाठी हा धागा.

२२) आपल्या घरात, गावात असे शब्द असतील तर जरूर कळवा. फक्त तीन गोष्टी सोबत लिहा : कोण बोलत असे, कोणाला उद्देशून बोलत असे आणि कोणत्या लेखी साधनात तो सापडतो.